१४२८५७ : फेर धरणारे सहा अंक



आज एका सहा अंकी संख्येची ओळख करून घेऊ. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आधी वहीत स्वतः गुणाकार करा, मगच खाली बघा.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

काय दिसलं? अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. फेर धरून उभे राहिल्यासारखे! फक्त पहिला कोण, एवढंच बदलतं. आणि ७ ने गुणलं की? ९९९९९९.

असं का होतं?

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी १ ला ७ ने भागत होती. भागाकार संपेचना. आपलंच चुकतंय असं समजून तिने इतक्यांदा खोडलं, की वहीचं पान फाटलं. खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. "दशांश चिन्हापुढे दोन अंक आले की थांबा" एवढंच मी शिकवलं होतं. का थांबायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

मग आम्ही तो भागाकार फळ्यावर पुढे नेला आणि प्रत्येक बाकी बाजूला लिहिली. सुरुवात १ पासून, मग बाकी ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १! ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरते (० उरली तर भागाकार संपला). म्हणून कधीतरी जुनी बाकी परत येणारच. ती आली की भागाकारातले अंकही तसेच पुन्हा येतात : ०.१४२८५७१४२८५७...

आता २ ला ७ ने भागा. बाक्यांची साखळी तीच, फक्त आपण २ पासून आत शिरलो. म्हणून २८५७१४. गुणाकारातली गंमत ती हीच. जादू नाही, बाकीचा खेळ आहे.

आणखी काही गुणधर्म

* १४२ + ८५७ = ९९९
* १४ + २८ + ५७ = ९९
* मूळ अवयव : ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७
* वर्ग : २०४०८१२२४४९. याचे दोन भाग करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७

या शेवटच्या गुणधर्माच्या संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीतले शाळामास्तर. आपल्यासारखेच वही-पेन्सिल घेऊन बसायचे.

घरी करून बघा : १४२८५७ ला ८ ने गुणा. उत्तर सात अंकी येईल. त्यातला पहिला अंक काढून उरलेल्या संख्येत मिळवा. काय आलं?

आणि हो, भागाकार संपत नसेल तर लगेच खोडू नका. बाकी लिहीत चला.