मेलेल्यांतून कोणी आला म्हणजे?

शास्त्रपाठ : लूक १६:१९-३१, १९:१-१०

नाताळ जवळ आला की संडे स्कूलच्या मुलांना काय दाखवावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. गेल्या वर्षी आमच्या शिक्षकांच्या सभेत चार्ल्स डिकन्स यांच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कथेवरील कार्टून चित्रपटाचे नाव निघाले, तेव्हा एका वडीलधाऱ्या भगिनीने हरकत घेतली. "ख्रिस्तजयंतीला भुते कशाला? मृतांना विचारू नये अशी अनुवाद १८:१०-१२ मध्ये सक्त मनाई आहे ना?" हरकत रास्त होती. म्हणून आम्ही आधी चित्रपट पाहिला, आणि मग शास्त्र उघडून बसलो.

हा चित्रपट रिचर्ड विल्यम्स यांनी १९७१ साली केला. तो जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. त्याची चित्रे जुन्या पुस्तकांतील कोरीव चित्रांच्या धर्तीवर काढलेली, अंधारी व गंभीर आहेत. स्क्रूजचा आवाज ॲलिस्टर सिम यांचा व मार्लेचा मायकेल हॉर्डर्न यांचा. या दोघांनी १९५१ च्या चित्रपटातही याच भूमिका केल्या होत्या. १९७२ सालचा उत्कृष्ट लघुचित्रपट म्हणून कार्टून विभागातील ऑस्कर पारितोषिक याला मिळाले.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. नाताळच्या आदल्या दिवशी गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांना कंजूष स्क्रूज विचारतो, तुरुंग आणि श्रमगृहे बंद पडली काय? त्याच रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा भागीदार मार्ले समोर येतो. अंगाभोवती साखळी, तिला पेट्या, किल्ल्या, कुलपे व हिशेबाच्या वह्या अडकवलेल्या. ही साखळी त्याने जिवंतपणी स्वतःच घडवली. मागी लोकांना गरिबाच्या घरी नेणाऱ्या ताऱ्याकडे आपण कधी मान वर करून पाहिले नाही, असा शोक मूळ कथेत तो करतो.

येथे लूकचा सोळावा अध्याय आठवतो. अधोलोकातून धनवान विनवतो की, माझ्या पाच भावांना सावध करण्यास लाजराला पाठवा. अब्राहाम नाकारतो. त्यांच्याजवळ मोशे व संदेष्टे आहेत. त्यांचे जे ऐकत नाहीत ते मेलेल्यांतून कोणी उठला तरी मानणार नाहीत. मग डिकन्स यांनी प्रभूच्या शिकवणीच्या उलट लिहिले काय?

आम्हांला तसे वाटत नाही. मार्ले येऊन गेल्यावर स्क्रूज काय करतो? अंथरुणावर पडतो आणि झोपी जातो! मेलेल्याच्या येण्याने त्याचे मन पालटले नाही. पुढे येणारे तीन आत्मे हे कोणा मृताचे आत्मे नव्हेत. ते नाताळचा भूत, वर्तमान व भविष्य आहेत. ते त्याला विशेषेकरून माणसे दाखवतात : कारकुनाच्या घरातला आजारी छोटा टिम, खाणीतले मजूर, दीपगृहाचे राखणदार. शेवटी वर्तमानाच्या झग्याखालून दोन उपाशी मुले बाहेर येतात. मुलगा अज्ञान, मुलगी दारिद्र्य. यांना कोठे आसरा नाही काय, असे स्क्रूज विचारतो, तेव्हा त्याचेच तुरुंग व श्रमगृहांचे शब्द त्याच्या तोंडावर परत येतात.

ही मुले काल्पनिक असली तरी त्यांच्यामागे खरी मुले होती. १८४३ साली डिकन्स यांनी खाणी व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचला होता, आणि लंडनमधील फील्ड लेनची गरीब मुलांची शाळा स्वतः पाहिली होती. प्रथम ते पत्रक काढणार होते. ते बाजूला ठेवून त्यांनी गोष्ट लिहिली. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती प्रसिद्ध झाली.

दाखल्यातील धनवान अधोलोकातही लाजराला नावाने ओळखतो. म्हणजे दाराशी कोण पडले आहे हे त्याला माहीत होते. त्याला भुताची नव्हे, उघड्या अंतःकरणाची गरज होती. आमच्याजवळ तर मोशे व संदेष्टे आहेत, आणि मेलेल्यांतून उठलेला प्रभूही आहे. मग आम्हांला सबब कोणती?

तरी शिक्षकांनी एक उणीव ओळखावी. स्क्रूज शेवटी स्वतःची कबर पाहून हादरतो. जक्कयाला कोणी कबर दाखवली नाही. प्रभू त्याच्या घरी उतरला, आणि त्याने आनंदाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. भीती माणसाला जागे करील, पण नवे करते ती कृपा. कथेत वधस्तंभ नाही. तो शिक्षकाने सांगावा.

आम्ही चित्रपट दाखवला, पण अगदी लहान मुलांना बसवले नाही. मार्लेचा जबडा गळून पडतो ते दृश्य भयंकर आहे. मोठ्यांशी नंतर अर्धा तास बोललो. हरकत घेणाऱ्या भगिनीच तो वर्ग घेण्यास पुढे आल्या.

वर्गासाठी प्रश्न
१. मार्लेची साखळी कशाची होती? आपली कशाची घडत आहे?
२. धनवानाला लाजर ठाऊक होता, तरी तो उपाशी का राहिला?
३. स्क्रूज व जक्कय यांच्या पश्चात्तापात साम्य काय, फरक काय?
४. आपल्या मंडळीच्या दाराशी आज कोण आहे? त्याचे नाव आपणांस माहीत आहे काय?