एआय कंपनी विकत घेताना कायद्याने काय तपासावं?

प्रश्न : माझ्या भाच्याच्या पुण्यातल्या कंपनीने उसाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं एआय तयार केलं आहे. फोटो आमच्या शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पाठवलेले. आता एक मोठी कंपनी ती विकत घेऊ पाहते आहे. त्याआधी मीही थोडे पैसे घालावेत म्हणतो. अशा व्यवहारात वेगळं काय तपासायचं?
– एक वाचक, नृसिंहवाडी

उत्तर : शेतजमीन घेताना आपण सातबारा, जुने फेरफार आणि बोजा पाहतो. इथे तेच काम माहितीच्या बाबतीत करायचं. एआय कशावर शिकलं, ते फोटो कुणाचे आणि वापरायची परवानगी कुठे लिहिलेली आहे? शेअर विकले गेले तरी कंपनी तीच राहते, त्यामुळे तिची जुनी देणी आणि दावे तिच्याबरोबरच येतात. तुमचं नुकसान गुंतवलेल्या रकमेपुरतंच, पण ती सगळी बुडू शकते.

अमेरिकेत २०२१ मध्ये एव्हरअल्बम या कंपनीवर लोकांच्या फोटोंवर चेहरे ओळखणारी प्रणाली वापरताना त्यांची दिशाभूल केल्याबद्दल कारवाई झाली. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या नियामक संस्थेने त्या फोटोंवर तयार झालेली मॉडेलंही नष्ट करायला लावली. खरेदीदार ज्याची किंमत मोजतो, तेच अशा वेळी हातचं जातं. आपल्याकडे गायिका आशा भोसले यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, परवानगीशिवाय त्यांचा आवाज उतरवणारं एआय साधन पुरवणं हा प्रथमदर्शनी व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग मानला.

उसाचं नुसतं पान ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही. पण फोटोसोबत शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर साठवला, की डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा संबंध येतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीची सुरक्षा राखली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालय किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणाला काही सवलती आहेत, पण सुरक्षेची जबाबदारी तिथेही सुटत नाही. शिवाय फोटोचा कॉपीराइट सहसा तो काढणाऱ्याचा, म्हणजे इथे शेतकऱ्याचा असतो.

दुसरी तपासणी कोडची. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेला मात्र पैसे दिले म्हणून आपोआप कंपनीचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते.

मोठा खरेदीदार हे सगळं तपासेलच. वर विक्रेत्याकडून लेखी हमी घेईल, हमी खोटी ठरल्यास भरपाईचं कलम घालेल आणि किमतीचा काही भाग ठराविक काळ राखून ठेवेल. तुम्ही पैसे देण्याआधी भाच्याकडे तीन कागद मागा : फोटोंच्या स्रोतांची व परवानग्यांची नोंद, कोडच्या हस्तांतराचे करार आणि वापरलेल्या बाहेरच्या मॉडेलांचे परवाने.

परवानग्या नसतील, तर सौदा होण्याआधी त्याने शेतकऱ्यांकडे जाऊन त्या घ्याव्यात. माहिती कशासाठी घेतो हे मराठीत वाचण्याचा पर्याय देणं नव्या कायद्याने बंधनकारक केलं आहे. कंपनीचं मोल ज्यांच्या फोटोंवर उभं राहिलं, त्यांना विचारणं हे कायद्याआधी आपलं कर्तव्य आहे.