तारखेआधी तपासणी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद कारखान्यांच्या जागी आता डेटा सेंटरं उभी राहत आहेत. अशाच एका रूपांतराचं काम मी सांभाळलं. जुनी इमारत घेतली की वेळ आणि पैसा वाचतो, असं सगळेच धरून चालतात. या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: इमारतीची तपासणी पुरी झाल्याशिवाय ग्राहकाला तारीख देऊ नका.

आमच्या कामात मालक कंपनीने तारीख आधीच देऊन टाकली होती. इमारतीची मूळ ड्रॉइंग्ज मिळत नव्हती आणि सर्व्हर हॉल पहिल्या मजल्यावर ठरला होता. फॉल्स सीलिंग उतरवलं, तर तुळईच्या तळाला गंजाचे ओघळ. मिस्त्रीने हातोडीने ठोकलं, प्लास्टर बद्द वाजलं. खपली काढताच सळईचे पापुद्रे हातात आले. पुढे कोअर काढणं, रिपोर्ट, तुळयांचं जॅकेटिंग. तोवर मागवलेले यूपीएस गोदामात पडून. तारीख हुकली, गोदामाचं भाडं आणि ग्राहकाचा दंड मालकाला भरावा लागला.

म्हणून पहिली तपासणी वजनाची. ऑफिसचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 250 ते 400 किलो भार धरून बांधतात. सामानाने भरलेला एक रॅकच हजार किलोपर्यंत जातो. शिकागोतली 350 ईस्ट सरमॅक ही डॉनेली कंपनीची छापखान्याची इमारत डेटा सेंटर म्हणून यशस्वी झाली, कारण तिचे मजले छपाईयंत्रं आणि कागद पेलण्यासाठीच बांधले होते. गुगलने 2009 मध्ये फिनलंडमधल्या हामिना इथली कागद गिरणी घेतली. समुद्राचं पाणी आणणारा तिचा जुना बोगदा थंडाव्यासाठी कामी आला. तुमच्या वास्तूत असं काय आहे, हे आधी पाहा.

दुसरी तपासणी हवेची. रासायनिक कारखाने किंवा खाडी जवळ असेल तर हवेतली गंधकाची संयुगं आणि खारटपणा सर्किटमधलं चांदी-तांबं खातात. हॉलच्या जागेत तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून लॅबला पाठवा. वायू शोषणारे फिल्टर लागतील का, ते त्यावरून ठरतं.

तिसरी पाण्याची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर पॅनेल आणि जनरेटर ठेवणार असाल, तर जोत्याची उंची मोजा, जुनी गटारं उघडून बघा आणि आजूबाजूच्या वॉचमनना पाणी कुठवर चढतं ते विचारा.

चौथी विजेची. कारखान्याचा जुना मंजूर भार डेटा सेंटरला पुरेल असं समजू नका. वाढीव भाराचा अर्ज सर्वांत आधी करा आणि दोन फीडर वेगवेगळ्या मार्गांनी येतात का, हे जागेवर जाऊन तपासा. सर्व्हर येण्याआधी लोड बँक, म्हणजे सर्व्हरइतका कृत्रिम भार देणारं यंत्र, लावून मुख्य वीज खरोखर बंद करा. उशीर झाला म्हणून ही चाचणी कापू नका. बँकेचे व्यवहार आणि रुग्णालयाच्या नोंदी तिच्यावर विसंबून असतात.

या सगळ्या तपासण्यांची वर्क ऑर्डर वेगळी घ्या, आणि रिपोर्ट वाईट आला तर इमारत नाकारता येईल असं कलम त्यात लिहून घ्या. मालक घाई करणारच. तेव्हा तुमच्या हातात हे कलम असलं पाहिजे.