पायाखाली माळव्याचीच माती हवी

प्रश्न : २८ मिमी उंचीचे मराठा सैनिक रंगवले, पण त्यांची बैठक खोटी वाटते. काय करावे?
— एक वाचक, पीपलरावां (जि. देवास)

उत्तर : उत्तम सामान तुमच्या शिवारातच आहे. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. ढेकूळ कुटून चहाच्या गाळणीने चाळा, तव्यावर कोरडी भाजा. ओल राहून बुरशी धरणार नाही. बैठकीला फेविकॉल लावून आधी काळ्या दगडाची बारीक खडी बसवा, मग माती भुरभुरा. वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलने पक्की करा. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा रंग फक्त उंचवट्यांवर फिरवा. सुतळीच्या धाग्यांचे सुके गवत गुडघ्याखालीच ठेवा. प्रमाण सांभाळा : इथे ५ मिमीचा खडा म्हणजे फूटभर उंचीचा धोंडा.