पिकाचें छायाचित्र व लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या नेहमींच्या तक्रारी

पिकावर रोग किंवा कीड पडली असतां ती ओळखण्यासाठीं जाणत्या मनुष्यास बांधावर बोलाविणें हा सर्वांत उत्तम मार्ग होय. परंतु असा मनुष्य प्रत्येक वेळीं मिळतोच असें नाहीं, व मिळाला तरी तो येईपर्यंत कीड थांबून राहत नाहीं. अशा वेळीं छायाचित्र पाठवून सल्ला घेणें हा मार्ग उरतो. सभासदांकडून आमच्याकडे अशीं छायाचित्रें नेहमीं येतात. त्यांपैकीं बऱ्याच चित्रांवरून झाड कशाचें आहे एवढेंच कळतें. रोग कोणता हें कळत नाहीं. चित्र धूसर असतें, पान पांढरें फटक पडलेलें असतें, किंवा तारीख भलतीच असते. असल्या चित्रावर भरंवसा ठेवून औषध सुचविलें तर फवारणीचा खर्च मातींत जातो आणि रोग वाढत राहतो.

हल्लीं छायाचित्रें बहुतेक मोबाईलनेंच काढलीं जातात हें खरें. तथापि दहा-पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला, खिशांत मावणारा डिजिटल कॅमेरा अनेक घरांतून कपाटांत पडून आहे. त्याचें भिंग खरोखर पुढें-मागें सरकणारें असतें, व जवळची बारीक वस्तु टिपण्याची त्याची शक्ति आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. 'बिघडला' म्हणून बाजूस टाकलेल्या अशा कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळ वस्तुतः बिघडलेले नसतात. त्यांच्या नेहमींच्या तक्रारी कोणत्या, व त्यांचें निवारण घरच्या घरीं कोठपर्यंत करतां येतें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

धूसर चित्राची तक्रार सर्वांत अधिक येते, म्हणून प्रथम तीच घेऊं. धूसरपणा दोन कारणांनीं येतो व दोहोंचा उपाय निरनिराळा आहे. चित्रांतील सर्वच वस्तु एका दिशेनें ओढल्यासारख्या दिसत असतील तर हात हालला असें समजावें. पान अस्पष्ट, पण त्याच्या मागचीं ढेकळें स्वच्छ, असें दिसलें तर हाताचा दोष नाहीं. कॅमेऱ्यानें नजर भलतीकडे रोखली आहे. ह्या दुसऱ्या प्रकारांत बहुधा असें घडतें कीं, चित्र घेणारा पानाच्या अगदीं जवळ जातो आणि कॅमेरा साधारण चित्रासाठींच लावलेला असतो. त्या स्थितींत सुमारें अर्ध्या मीटरच्या आंतील वस्तु स्पष्ट उमटविणें पुष्कळ कॅमेऱ्यांस साधत नाहीं. कॅमेऱ्याच्या पाठीवर फुलाच्या आकृतीची खूण असते, ती जवळच्या चित्रासाठीं होय. ती चालू करावी, व झूम पूर्णपणें मागें घ्यावा. कारण झूम जसजसा पुढें जातो तसतसें वस्तूपासून अधिक दूर राहावें लागतें. ही गोष्ट पुष्कळांस उलटी वाटते. अळी लहान, म्हणून झूम वाढवावा, असा त्यांचा समज असतो, व नेमकें तेथेंच चित्र फसतें.

बटण एकदम खालपर्यंत दाबूं नये. अर्धें दाबून थांबावें. पडद्यावरील चौकोन हिरवा झाला कीं उरलेलें दाबावें. चौकोन लुकलुकत राहिला तर किंचित् मागें सरून पुन्हां अर्धें दाबावें. उजेड व काळोख ह्यांच्या सीमारेषा किती ठळक उमटतात ह्यावरून कॅमेरा आपली नजर जुळवितो. कोऱ्या हिरव्या पानाच्या मध्यभागीं त्यास धरण्याजोगें कांहींच सांपडत नाहीं. म्हणून चौकोन डागाच्या कडेवर किंवा पानाच्या शिरेवर आणावा. वाऱ्यानें पान हालत असेल तर दुसऱ्या मनुष्यानें देठ धरावा, व पानामागें कोरा कागद किंवा आपला तळहात ठेवावा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असें कोणी विचारील. मक्यावरील लष्करी अळीचें उदाहरण घ्या. ही अमेरिका खंडांतील कीड भारतांत २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही आली. तिची ओळख पटते ती मुख्यतः दोन खुणांवरून: डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट रेषा, आणि शेपटाजवळच्या एका वलयावर चौकोनांत मांडल्यासारखे चार काळे ठिपके. पूर्ण वाढलेली अळी तीन-चार सेंटिमीटर लांब असते. तिचें डोकें ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. धूसर चित्रांत ह्यांतील कांहींच उमटत नाहीं, नुसती एक तपकिरी अळी दिसते, आणि तशा तपकिरी अळ्या मक्यावर आणखीही असतात. द्राक्षाच्या केवडा रोगाचेंही तसेंच आहे. त्यांत पानाच्या वरच्या अंगास पिवळसर तेलकट डाग पडतो व त्याच्याच खालीं, पानाच्या पाठीवर, पांढरी बुरशी येते. एकाच अंगाचें चित्र पाठविणाऱ्यास उत्तरही अर्धेंच मिळणार. ह्यास्तव संपूर्ण वाफा, संपूर्ण झाड, पानाचीं दोन्ही अंगें व डागाचें जवळून चित्र, अशीं निदान पांच चित्रें घ्यावींत. जवळच्या चित्रांत एक नाणें ठेवावें म्हणजे आकाराचा अंदाज येतो. शेत सोडण्यापूर्वीं प्रत्येक चित्र पडद्यावर मोठें करून पाहावें. घरीं येऊन पाहणाऱ्यास दुसरी फेरी चुकत नाहीं.

हात हालण्यावर उपाय सोपा आहे. दोन्ही कोपरें अंगास टेकावीं, झाडास किंवा खांबास पाठ लावावी, अथवा कॅमेरा दगडावर ठेवून दोन सेकंदांनीं आपोआप चित्र घेण्याची सोय वापरावी. संध्याकाळीं उजेड कमी झाला कीं कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी राहते व एरवीं न जाणवणारा कंप चित्रांत उतरतो. फ्लॅशचा आश्रय जवळच्या चित्रास करूं नये. पान पांढरें फटक पडतें तें बहुधा त्यामुळेंच.

आतां कापूस उत्पादकांची एक विशेष तक्रार. फुटलेल्या बोंडांनीं चित्र भरून गेलें असतां कापूस मळकट, राखी उमटतो. आणि काळ्या जमिनीचें चित्र घेतलें तर जमीन मुरमाड वाटावी इतकी फिकी दिसते. ह्यांत कॅमेऱ्याचा बिघाड मुळींच नाहीं. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखी रंगाचें आहे असें गृहीत धरून तो उजेडाचें माप घेतो, आणि सर्वच दृश्य पांढरें किंवा सर्वच काळें असलें कीं त्याचा हिशेब चुकतो. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक व उणें अशा खुणांची सोय असते. कापसास ती अधिकाकडे एक अंश सरकवावी, काळ्या रानास उण्याकडे. व काम होतांच पुन्हां शून्यावर आणावी. कापसाच्या प्रतीविषयीं चित्रावरून बोलणी होणार असतील तर हें विसरूं नये.

कॅमेरा चालूच होत नाहीं, किंवा चार चित्रें घेतांच बंद पडतो, ह्या तक्रारीचें मूळ बहुधा विजेच्या पुरवठ्यांत असतें. ज्या कॅमेऱ्यांस पेन्सिल सेल लागतात त्यांत भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल घालणें निरर्थक आहे. भिंग सरकविण्यास व फ्लॅश भरण्यास एकदम मोठी वीज लागते. ती त्यांच्यानें पुरवत नाहीं. निकेल धातूचे, पुन्हां पुन्हां भरतां येणारे सेल दाबांत किंचित् कमी, म्हणजे १.५ व्होल्टऐवजीं १.२ व्होल्टचे असले तरी ह्या कामास अधिक टिकतात. जुना व नवा सेल एकत्र घालूं नये. टोकांवर हिरवट-पांढरी पुटें चढलीं असतील तर पेन्सिलीच्या रबरानें हलकेच घासून कोरड्या फडक्यानें पुसावीं. कॅमेरा महिनोन्महिने पडून राहणार असेल तर सेल बाहेर काढावे, नाहीं तर ते पाझरून आंतील पत्र्या खातात. चपटी लिथियम बॅटरी असेल तर ती निम्मी भरून, थंड जागीं ठेवावी. फुगलेली बॅटरी कितीही चालत असली तरी पुन्हां वापरूं नये.

आतां कार्डाकडे वळूं. १९७५ सालीं ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन ह्यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, त्यास एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. आज तें काम क्षणांत होतें. तरी तो क्षण असतोच, आणि त्या वेळीं एक बारीक दिवा लुकलुकतो. तो थांबण्यापूर्वीं कार्ड ओढून काढलें किंवा बॅटरीचें झांकण उघडलें तर त्या चित्राचेंच काय, सर्व कार्डाचें दप्तर विस्कटूं शकतें. 'कार्ड बंद आहे' अशा अर्थाची सूचना आली तर कार्डाच्या कडेवरील लहान खिटी खालीं सरकलेली असते. ती वर सारावी. नवें कार्ड जुन्या कॅमेऱ्यास मुळींच ओळखतां येत नसेल तर त्याची धारणशक्ति पाहावी. अगदीं जुने कॅमेरे दोन जीबीपर्यंतचींच कार्डें घेतात. त्यांनंतरचे बत्तीस जीबीपर्यंत. दुकानदार चौसष्टाचें पुढें करील, पण तें अशा कॅमेऱ्यास उपयोगी नाहीं.

चित्रें चुकून पुसलीं गेलीं असतां काय करावें, हें सर्वांत महत्त्वाचें आहे. तत्क्षणीं कॅमेरा बंद करावा व त्या कार्डावर एकही नवें चित्र घेऊं नये. पुसणें म्हणजे सूचिपत्रांतील नांवावर रेघ मारणें होय; दप्तराचें पान तसेंच शाबूत असतें, व त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत वाचतां येतें. संगणकावर 'फोटोरेक' सारखे विनामूल्य कार्यक्रम मिळतात, त्यांच्या साह्यानें अशीं चित्रें बहुधा परत काढतां येतात. मात्र तीं त्याच कार्डावर उतरवूं नयेत, संगणकांत उतरवावींत. कार्ड नव्यानें कोरें करावयाचें तें चित्रें अन्यत्र उतरवून घेतल्यावर, व कॅमेऱ्यांतच करावें.

तारखेविषयीं आमच्या सभासदांत फारच निष्काळजीपणा दिसतो. गारपीट किंवा अतिवृष्टि होऊन नुकसानीचा पंचनामा व्हावयाचा असतो तेव्हां पंचनाम्यापूर्वीं घेतलेलें चित्र मोठा आधार ठरूं शकतें. पण त्यावर तीन वर्षांपूर्वींची तारीख असेल तर तोच आधार शंकेचें कारण होतो. कॅमेऱ्यांतील घड्याळ बॅटरी काढून ठेवल्यावर कांहीं दिवसच चालतें, मग आरंभीच्या तारखेवर जाऊन बसतें. म्हणून चित्र घेण्यापूर्वीं घड्याळ लावावें. महिना आधीं कीं दिवस आधीं हेंही पाहावें; सात ऑगस्टची आठ जुलै होण्यास तेवढेंच पुरे. चित्रावर तारीख छापण्याची सोय असल्यास ती आधींच चालू करावी लागते, मागाहून ती तारीख कॅमेरा छापीत नाहीं. विहीर, बांधावरचें झाड किंवा अशी दुसरी कायमची खूण एका तरी चित्रांत यावी. मूळ फाईलला हात न लावतां ती जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून साधें चित्र म्हणून पाठविलें कीं तें आकसतें व त्याबरोबरची वेळेची नोंद गळून जाते; तेथेंच दस्तऐवज म्हणून पाठविण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

भिंगाची नळी अर्धवट बाहेर येऊन अडकणें हा दोष शेतावर वावरणाऱ्या कॅमेऱ्यांस विशेष जडतो. नळ्या एकींत एक बसणाऱ्या असतात; खिशांतील माती, तंबाखू किंवा भुसा त्यांच्यामध्यें शिरला कीं त्या अडतात. कॅमेरा बंद करून बॅटरी कांहीं मिनिटें बाहेर ठेवावी, ती पूर्ण भरून परत घालावी, आणि भिंग जमिनीकडे धरून चालू करावा. दोन-चार वेळां असें केल्यानें कण गळून पडून नळी मोकळी होण्याचा संभव असतो. सांधींतील धूळ रबरी फुग्याच्या वाऱ्यानें उडवावी, तोंडानें फुंकूं नये. नळी हातानें ओढणें किंवा पिळणें सर्वस्वी टाळावें. शेतावरील कोणतेंही यंत्र अडलें कीं तेलाचा थेंब सोडण्याची आपली सवय येथें घातक आहे; तेल भिंगावर पसरतें व तें निघत नाहीं. इतकें करून नळी न सुटल्यास कॅमेरा कारागिराकडे न्यावा. घरीं तो उघडण्याचें धाडस कोणीही करूं नये. फ्लॅशसाठीं आंत जो वीज सांठविणारा भाग असतो त्यांत सुमारें ३०० व्होल्टचा दाब असूं शकतो, व बॅटरी काढल्यावरही तो कांहीं काळ टिकतो.

चित्रांवरील डागांविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. प्रत्येक चित्रांत एकाच जागीं काळसर ठिपका येत असेल तर धूळ कॅमेऱ्याच्या आंत गेली आहे. रात्रीं फ्लॅशच्या चित्रांत निरनिराळ्या जागीं पांढरीं वर्तुळें दिसलीं तर तीं हवेंतील धुळीचीं किंवा दंवाच्या थेंबांचीं असतात. त्यांस उपाय नको. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत भिंगाच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती एकदां आंत पसरली कीं घरीं काढतां येत नाहीं. म्हणून त्या चार महिन्यांत कॅमेरा चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले कीं त्यांची शक्ति संपली असें समजावें. ते जुन्या पत्र्यावर मंद आंचेवर वाळवून पुन्हां वापरतां येतात, मात्र ते विषारी असल्यानें स्वयंपाकाचें भांडें त्यास घेऊं नये. सिलिकाऐवजीं तांदळांत कॅमेरा पुरून ठेवण्याची रीत कोठें कोठें दिसते. तांदळाचा कोंडा नळींत जातो, व मग वर सांगितलेली भिंग अडकण्याची तक्रार उद्भवते.