परतीचा पैसा आधी

लोणी, धामणी, पाबळच्या पोरापोरींनो, तुमच्यातलं कुणी चाकणच्या कंपनीत आहे, कुणी रांजणगावला, कुणी पुण्यात. नोकरी सोडून सहा महिने, वर्षभर देशोदेशी फिरायचं म्हणता, तेव्हा गावातली जुनी माणसं नाक मुरडतात. मी म्हणतो, जरूर जा. पायांत बळ आहे तोवर जग बघून या. पण सोसायटीच्या चोपड्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. चांगली चालती घरं कर्जात कशी जातात ते मी जवळून पाहिलंय. म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या गाठीला बांधा.

परतीचा पैसा आधी बाजूला काढा

जाण्याचा पैसा सगळेच जमवतात. परत आल्यावर नवी नोकरी लागेपर्यंत चूल कशावर पेटणार, हे कुणी मांडत नाही. कमीत कमी तीन महिन्यांचा घरखर्च आणि परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. परदेशात वापरायचं कार्ड त्या खात्याला जोडू नका. बाहेर कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावायचा नाही.

आकडा कागदावर आणा

समजा, सहा महिन्यांचा प्रवास आहे आणि महिन्याला ६० हजार लागतील असा अंदाज आहे. झाले ३ लाख ६० हजार. त्यावर वीस टक्के अडीअडचणीला धरा, म्हणजे ७२ हजार. जाण्या-येण्याची तिकिटं, व्हिसा आणि विमा यांना दीड लाख. परतल्यावरचे तीन महिने, २५ हजारांप्रमाणे ७५ हजार. बेरीज ६ लाख ५७ हजार. तीन वर्षांत जमवायचे तर महिन्याला १८,२५० रुपये पडतात. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रकाने हेच ठेवा. महिन्याची रक्कम झेपत नसेल तर प्रवास दोन महिन्यांनी कमी करा, नाहीतर निघायचं वर्ष पुढे ढकला. कर्ज काढून किंवा आईचे दागिने गहाण ठेवून फिरायला जायचं नाही.

पगार बचतीला, पट्टी वरकड

आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. त्यावर पेंड, चारा आणि किराणा भागतो, तो घराचाच राहू द्या. प्रवासाची महिन्याची रक्कम तुमच्या नोकरीच्या पगारातून, पगार झाला त्याच दिवशी वळती व्हावी. कांद्याचा भरवसा धरू नका. आंबेगावच्या या पूर्व पट्ट्यात पाऊस कधी पाठ फिरवेल सांगता येत नाही आणि मंचरच्या बाजारात आज आहे तो भाव उद्या नसतो. बराखीतला कांदा हा पैसा नव्हे, आडत्याची पट्टी हातात पडली की तो पैसा. त्यातून बी-बियाणं, मजुरी आणि देणी भागवून उरेल त्यातलं निम्मं प्रवासाच्या खात्यात टाका.

महिन्याची रक्कम पक्की करण्याआधी तीन महिने रोजचा खर्च वहीत लिहा. पेट्रोल, हॉटेल, मोबाइलचा हप्ता, मित्राच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, सगळं. कुठे काटायचं ते वहीच दाखवेल.

पैसा ठेवायची जागा नीट पाहा

तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालू नका. ऐन निघायच्या वेळी बाजार पडला तर थांबायला सवड नसते. बँकेचं आवर्ती खातं, मुदत ठेव हे बरं. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून सगळी पुंजी तिथे ठेवू नका. भिशी घरच्या लहानसहान नडीला ठीक आहे, प्रवासाची मदार तिच्यावर नको.

महिन्याच्या महिन्याला बचत करण्याचा आणखी एक फायदा आहे. व्हिसा देणारे बँकेचा उतारा बघतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम तीन-चार लाख जमा झालेले दिसले की त्यांना शंका येते. हळूहळू वाढत गेलेली शिल्लक तुमची बाजू भक्कम करते.

रुपयाची घसरण धरून चाला

२०१० साली डॉलर साधारण ४५-४६ रुपयांना होता, २०२५च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. आज मांडलेला खर्च तीन वर्षांनी रुपयांत वाढलेलाच असणार. दरवर्षी मार्चअखेरीला हिशेब नव्या भावाने मांडा आणि महिन्याची रक्कम वाढवा.

देश आणि दिवस विचारानं ठरवा

दर दोन दिवसांनी गाव बदलणाऱ्याचा पैसा गाड्यांतच जातो. एका गावात महिनाभर खोली घ्या, बाजारहाट करा, स्वतः रांधा, खर्च पुष्कळ उतरतो. महागड्या देशांत थोडे दिवस, स्वस्त देशांत जास्त. युरोपातल्या शेंगेन देशांत पर्यटकाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्या व्हिसाची फी ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. इतर ठिकाणी कुणी मागितला नाही तरी विमा घ्याच. परदेशातल्या दवाखान्याचं एक बिल तीन वर्षांची बचत गिळू शकतं.

पासपोर्ट ६० पानांचा काढा. ३६ पानांच्याला १,५०० रुपये लागतात, याला २,०००. लांबच्या प्रवासात शिक्क्यांनी पानं भराभर भरतात. पुष्कळ देश पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत, तीही पाहून ठेवा.

वाटेत

दोन बँकांची दोन कार्डं घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बऱ्याच कार्डांवर परदेशातल्या प्रत्येक खर्चामागे तीन-साडेतीन टक्के जादा कापतात, कमी कापणारं शोधा. दुकानातलं किंवा एटीएमचं यंत्र रुपयांत रक्कम दाखवून संमती मागेल. तिथे नाही म्हणा आणि त्या देशाच्या चलनातच पैसे द्या. रुपयांत दिले की यंत्रवाले स्वतःच्या दराने जास्त कापून घेतात. इथलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. दर रविवारी आठवड्याचा हिशेब लिहा. एका आठवड्यात हात सैल सुटला तर पुढच्या आठवड्यात आवळा.

मागच्या घराची घडी बसवून जा

जमीन तुमच्या नावावर असेल तर ई-पीक पाहणी कोण करणार, पीककर्ज मुदतीत कोण भरणार, हे ठरवा. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते. विम्याचे हप्ते बँकेतून आपोआप जातील असं करा. गरज असेल तर भरवशाच्या माणसाला मोजक्या कामांपुरतं कुलमुखत्यारपत्र द्या. आई-वडिलांच्या आजारपणासाठी थोडी रक्कम त्यांच्या हाताशी ठेवा आणि ती कुठे आहे ते त्यांना दाखवून जा.

शेवटी पंडिता रमाबाईंचं सांगतो. १८८३ साली लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या, ते ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाच्या आधारावर. पुढे अमेरिकेत गेल्या, तिथे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून पैसा उभा केला. १८८७च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली आणि मायदेशी परतल्यावर करायच्या कामाला दहा वर्षं मदत देण्याचं तिने कबूल केलं. १८८९च्या फेब्रुवारीत त्या मुंबईत उतरल्या आणि मार्चमध्ये शारदा सदन सुरू झालं. परतल्यावर काय करायचं याची तजवीज त्यांनी परतीच्या बोटीत बसण्याआधीच केली होती.

तुम्हीही तसंच करा. येत्या पगाराला दोन खाती उघडा, एक जाण्याचं, एक परतीचं. पहिली रक्कम परतीच्या खात्यात भरा. दोन्ही खाती भरल्याशिवाय तारीख ठरवू नका. ती भरली, की मग कुणाच्या बोलण्याने थांबू नका.