वाफ्यांच्या व हिरवळीच्या कडेस विटा कोणत्या लावाव्या ?

हद्दीच्या तंट्यांचे कागद लिहिण्यांत आमची सारी नोकरी गेली. हद्दीची खूण कच्ची असली म्हणजे तंटा कधींच मिटत नाहीं, हें त्यांतून आम्ही शिकलों. घराभोंवतींच्या बागेसही हाच न्याय लागू आहे. वाफ्याच्या कडेच्या विटा केवळ शोभेच्या असतात असें पुष्कळांस वाटतें. परंतु माती, पाणी व हरळी यांस आपापल्या जागीं ठेवणें हें त्यांचें खरें काम होय.

कांहीं वर्षांपूर्वीं स्वस्त मिळाल्या म्हणून फिकट रंगाच्या ३०० विटा आम्हीं एका भट्टीवरून आणिल्या. पहिल्या पावसाळ्यांत त्यांचे कोपरे झडले, दुसऱ्यांत निम्म्या विटांचा चिखल झाला, आणि हिरवळीची हरळी गुलाबांच्या वाफ्यांत शिरली. ती खणून काढितांना मुळें दुखावून चार गुलाब गेले. विटांत वांचविलेल्या पैशाहून अधिक पैसा मजुरींत गेला.

भिंतीची वीट गिलाव्याखालीं कोरडी राहते. कडेची वीट बारमाही ओल्या मातींत असते. भट्टीच्या बाहेरच्या थरांतील विटांस आंच कमी लागते व त्या कच्च्या राहतात. म्हणून घेण्यापूर्वीं ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून पांच-सहा विटा काढून पुढील परीक्षा करावी.

(१) दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत नाद यावा.
(२) नखानें ओरखडा उठूं नये.
(३) कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यांत बुडवावी व पुन्हां तोलावी. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमहून अधिक भरल्यास नापसंत करावी. सामान्य विटांसाठीं भारतीय मानक १०७७ मध्यें हीच २० टक्क्यांची मर्यादा आहे.
(४) ताटलींत इंचभर पाणी घालून वीट उभी करावी. पाणी आटल्यावर पांढरा क्षार फार फुलला, तर ती वीट लवकर झडेल असें समजावें.

अति भाजून वेड्यावांकड्या झालेल्या खंगर विटा भिंतीस निरुपयोगी, परंतु कडेस उत्तम. त्या पाणी फारसें पीत नाहींत. कोंकणांत जांभा दगड जवळ मिळत असल्यास विटांचा आग्रह धरूं नये.

आतां मांडणी. वाफ्यास वाफा लागून असेल तेथें वीट लांबीनें आडवी घातली तरी चालते. हिरवळ व वाफा यांमध्यें मात्र वीट उभीच पुरावी. सुमारें ६ इंच जमिनींत व ३ इंच वर. हरळीचे धुमारे आडव्या विटेखालून सहज जातात. उभ्या विटेनेंही ती सर्वस्वीं अडत नाहीं. म्हणून कडेचे धुमारे वर्षांतून दोनदां कापावे. पाणी निघून जाण्यास ठिकठिकाणीं बोटभर फट ठेवावी.

काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत सिमेंटचे सांधे तडकतात. त्यापेक्षां ९ इंच खोल चर खणून तळाशीं ३ इंच मुरूम चोपावा, त्यावर विटा चुन्या-सिमेंटावांचून घट्ट बसवाव्या व दोन्हीं बाजूंनीं माती ठोकावी. हें काम पावसाळा संपल्यावर, जमिनींत ओल असतां करावें. भेगाळलेल्या जमिनींत बसविलेल्या विटा पहिल्याच पावसांत वर उचलल्या जातात.

विटांचा हिशेब येणेंप्रमाणें. १० फूट लांब व ४ फूट रुंद वाफ्याचा घेर २८ फूट, म्हणजे ३३६ इंच होतो. ९ इंच लांब, ४ इंच रुंद व ३ इंच जाड वीट लांबीनें घातल्यास ३८ विटा लागतात. उभी करून ४ इंची बाजू कडेस लाविल्यास ८४. तुटफुटीसाठीं शेंकडा ५ अधिक घ्याव्या.

उभ्या मांडणीस दुपटीहून अधिक विटा लागतात हें खरें. म्हणून ती हरळीच्या बाजूसच करावी व इतरत्र काटकसर करावी. विटेच्या जातींत मात्र काटकसर करूं नये.